हालचाल मोजणारें यंत्र आणि खेळाडूचें शिक्षण



तालमींत नवीन आलेल्या मुलाला डाव शिकवितांना वस्ताद तोंडानें फार थोडें बोलतो. तो मुलाचा गुडघा हातानें धरून जरासा आंत ढकलतो, पाठीवर थाप मारून कंबर खालीं बसवितो, आणि मुलगा चुकला कीं ‘हं’ एवढाच हुंकार देतो. मुलाच्या अंगानें काय केलें हें मुलाला स्वतःला कळलेलें नसतें. तें वस्तादाच्या डोळ्याला कळतें. अंगानें शिकावयाच्या कोणत्याहि विद्येंतली खरी अडचण हीच आहे. आपलें शरीर आपल्याला सर्वांत जवळचें, पण तें हलत असतांना आपल्याला दिसत नाहीं. हात किती वळला, पाय केव्हां टेकला, कंबर आधीं फिरली कीं खांदा आधीं फिरला, या प्रश्नांना शिकणारा जें उत्तर देतो तें पुष्कळदां चुकीचें असतें. आणि तो तें अगदीं प्रामाणिकपणें देत असतो.

ही अडचण दूर करण्यासाठीं गेल्या कांहीं वर्षांत एक साधन पुढें आलें आहे. मनगटाला, कमरेला, बुटाला किंवा हातांतल्या बॅटीला बांधतां येईल असा, आगपेटीहून लहान असा एक संवेदक असतो. तो खेळाडूच्या हालचालीची नोंद करतो आणि तिचे आंकडे पाहतां पाहतां फोनवर उमटवितो. हें यंत्र काय मोजतें, कसें मोजतें, आणि मोजलेलें खेळाडूला सांगितलें म्हणजे तो खरोखर शिकतो काय, या गोष्टींचा आज विचार करूं. त्यांतली शेवटची मला सर्वांत महत्त्वाची वाटते, पण आधींच्या समजल्यावांचून तिच्याकडे जातां येत नाहीं.

वेगवान हालचाल माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीं ही गोष्ट कांहीं नवीन नव्हे. भरधांव घोड्याचे चारी पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात काय, असा वाद युरोप-अमेरिकेंत पुष्कळ वर्षें चालला होता. १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज ह्या छायाचित्रकारानें ओळीनें कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याचीं चित्रें घेतलीं, तेव्हां चारी पाय खरोखरच सुटतात असें दिसून आलें. मात्र चित्रकार रंगवीत त्याप्रमाणें ते पुढें-मागें ताणलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतांना सुटतात. पुढें थोड्याच वर्षांत फ्रान्समधील मारे ह्या शरीरशास्त्रज्ञानें अधिक चातुर्याची युक्ति काढली. त्यानें माणसाला नखशिखांत काळा पोशाख घातला, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या व सांध्यांवर चकचकीत गुंड्या लाविल्या, आणि काळ्या पडद्यासमोर त्याला चालावयास व धांवावयास सांगितलें. एकाच कांचेवर लागोपाठ उठलेल्या त्या चित्रांत माणूस नाहींसा झाला. उरल्या त्या केवळ रेषा आणि ठिपके. आज मोठ्या प्रयोगशाळांतून खेळाडूच्या अंगावर प्रकाश परतविणाऱ्या बारीक गोळ्या चिकटवून सभोंवार कॅमेरे लावतात, ती मारेच्याच युक्तीची नात म्हणावी. गोलंदाजाचें कोंपर चेंडू टाकतांना १५ अंशांपेक्षां अधिक सरळ होऊं नये असा क्रिकेटमध्यें २००५ सालापासून नियम आहे. संशय आल्यास तो तपासण्याचें कामहि अशाच प्रयोगशाळेंत होतें, कारण पंचाच्या डोळ्यानें तेवढा फरक सांगणें अशक्य आहे.

परंतु प्रयोगशाळा उचलून मैदानावर नेतां येत नाहीं. वाईच्या एकाद्या शाळेच्या पटांगणावर सकाळीं सरावाला जमणाऱ्या मुलांना तिचा उपयोग शून्य. अंगावर बांधावयाच्या संवेदकाचें महत्त्व येथें आहे.

हा संवेदक काय मोजतो हें समजण्यास वाईहून पांचगणीला जाणारी एस. टी. पुरेशी आहे. पसरणीचा घाट चढणाऱ्या त्या गाडींत एकाद्या उतारूला डोळे मिटून उभें केलें, तरी गाडी केव्हां निघाली, केव्हां थांबली आणि कोणत्या बाजूला वळली हें तो बिनचूक सांगेल. गाडी पुढें झेपावली कीं तो मागें कलतो, ब्रेक लागला कीं पुढें जातो, वळणावर बाहेरच्या अंगाला फेंकला जातो. त्याला गाडीचा वेग कळत नाहीं. वेगांत होणारा बदल, म्हणजे प्रवेग, तेवढा कळतो. सरळ सपाट रस्त्यावर गाडी एकाच वेगानें जात असली, तर ती तिसाच्या वेगानें चालली आहे कीं साठाच्या, हें त्याला उमगणार नाहीं. संवेदकांतील प्रवेगमापक म्हणजे हाच डोळे मिटलेला उतारू होय. सिलिकॉनच्या चकतींतून कोरून काढलेलें एक अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म लवचीक दांड्यांवर टांगलेलें असतें. संवेदक हलला कीं तें वजन मागें रेंगाळतें, शेजारच्या पट्टीपासूनचें त्याचें अंतर बदलतें, आणि त्याबरोबर त्या दोहोंमधील विद्युत् सांठविण्याची शक्ति बदलते. तेवढी मोजली कीं प्रवेग कळला. मोटारीच्या अपघाताच्या क्षणीं हवेची पिशवी फुगविण्यासाठीं १९९० नंतर असले संवेदक मोठ्या प्रमाणावर होऊं लागले. पुढें ते फोनांत शिरले. फोन आडवा धरला कीं त्यावरचें चित्र आडवें होतें, तें याच वजनाच्या कलण्यामुळें. खेळाच्या मैदानाकडे हीं यंत्रें अशी आडवाटेनें आलीं आहेत. खेळाडूसाठीं म्हणून त्यांचा जन्म झालेला नाहीं.

प्रवेगमापकाच्या जोडीला घूर्णी असते. तिचें काम वळणें मोजण्याचें. जत्रेंतल्या फिरत्या चक्रावर मध्याकडे चालावयास लागलें कीं कोणी बाजूला ढकलीत आहे असा भास होतो. घूर्णींत एक सूक्ष्म वजन सारखें मागें-पुढें थरथरत ठेविलेलें असतें. संवेदक वळूं लागला कीं त्या वजनालाहि तसाच बाजूचा रेटा बसतो, आणि त्या रेट्यावरून वळण्याची गति निघते. बहुतेक संवेदकांत तिसरें एक होकायंत्रहि असतें. अशा रीतीनें सेकंदाला शंभर वेळां किंवा त्याहूनहि अधिक वेळां नोंदी होत जातात.

आतां त्या एस. टी.तल्या उतारूला जर म्हटलें कीं, तुला बसलेल्या धक्क्यांवरून सबंध घाटाचा नकाशा काढ, तर तत्त्वतः तें शक्य आहे. प्रवेगाची बेरीज करीत गेलें कीं वेग मिळतो. वेगाची बेरीज करीत गेलें कीं अंतर मिळतें. पण बेरजेवर बेरीज करतांना चुकीचीहि बेरीज होते. गुरुत्वाकर्षणाच्या शतांशाइतकी लहान चूक जरी संवेदकांत कायमची राहिली, तरी दहा सेकंदांनंतर त्याच्या हिशेबानें खेळाडू आपल्या खऱ्या जागेपासून जवळजवळ पांच मीटर दूर गेलेला असतो! दुकानांत दाखवितांना जीं यंत्रें मोठीं अचूक वाटतात, तीं मैदानावर अर्ध्या मिनिटांत बहकतात तीं यामुळें. यावर काढलेली एक तोड मला फार आवडते. धांवणाऱ्याच्या बुटावर संवेदक असला, तर प्रत्येक पावलाला एक क्षण असा येतो कीं पाय जमिनीवर स्थिर टेकलेला असतो. त्या क्षणीं पायाचा वेग शून्य आहे हें न मोजतांहि ठाऊक असतें. गणित करणारें यंत्र त्या क्षणीं आपली सारी सांठलेली चूक पुसून टाकतें आणि पुन्हां शून्यापासून मोजूं लागतें. म्हणून पावलें मोजण्यांत, पाय जमिनीवर किती वेळ टेकला हें सांगण्यांत हीं यंत्रें विश्वासू आहेत. हवेंत मोकळ्या फिरणाऱ्या हाताची नेमकी जागा सांगावयाची म्हटली कीं त्यांच्यावर तितका भरंवसा टाकतां येत नाहीं.

हें सगळें खेळाडूच्या कामाला कसें येतें, याचें उदाहरण गोळाफेकींत पाहूं. सांगली जिल्ह्यांत आटपाडी तालुक्यांत करगणी हें गांव आहे. तेथील सचिन खिलारी यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत एफ-४६ ह्या गटांत गोळाफेकीचें रौप्यपदक मिळविलें. लहानपणच्या अपघातानें त्यांचा एक हात दुबळा झालेला. असे असूनहि त्यांचा गोळा १६.३२ मीटर गेला. गोळा हातांतून सुटला कीं पुढचें सारें ठरून गेलेलें असतें. तो किती उंचीवरून, किती कोनानें आणि किती वेगानें सुटला या तीन गोष्टींवर त्याचें अंतर ठरतें. दोन मीटर उंचीवरून ३७ अंशांच्या कोनानें सुटलेला गोळा सोळा मीटरांच्या पुढें जावयाचा, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारें १२ मीटर असावा लागतो. आतां त्या कोनांत तीन अंशांचा फरक पडला तर काय होईल? कोन वाढला तर दहा-पंधरा सेंटिमीटरांचा लाभ. कमी झाला तर वीत-सव्वा वीत तोटा. उलट, वेग चाळिसांत एक हिश्शानें, म्हणजे १२ चा १२.३ झाला, तर फेंक जवळजवळ पाऊण मीटरनें लांबते. कागदावर कोन वाढवून लाभ दिसला तरी अंगाचा न्याय निराळा आहे. वजन जितकें उभें ढकलावें तितका त्याला वेग कमी देतां येतो. म्हणून नामवंत गोळाफेकपटूंचे कोन शाळेंतल्या पुस्तकांतल्या ४५ अंशांच्या बरेच खालीं असतात. ‘गोळा आणखी वर फेंक, आणखी वर फेंक’ असें मैदानांत ओरडणारे शिक्षक मुलाचा वेगच काढून घेत असतात, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

मग वेग येतो कोठून? तो दंडांतून येतो असें नवशिक्याला वाटतें. वस्तुतः तो पायांतून निघतो, कमरेंत वाढतो, धडांतून खांद्यांत जातो, आणि कोंपर व मनगट हे शेवटचे वाटेकरी. आसुडाच्या मुठीकडची जाड दोरी आधीं हलते आणि शेवटीं टोंक कडाडतें, तसा हा क्रम आहे. कमरेवर एक, पाठीवर एक आणि दंडावर एक असे तीन संवेदक लावले, तर कंबर आपल्या सर्वोच्च गतीला केव्हां पोंचली, त्यानंतर सेकंदाच्या कितव्या हिश्श्यानें खांदा पोंचला, हें लगेच दिसतें. नवशिक्याच्या आलेखांत तिन्ही शिखरें एकावर एक पडलेलीं असतात, किंवा हाताचें शिखर कमरेच्या आधींच येऊन जातें. ज्यांनीं हजारों फेंकी पाहिल्या आहेत अशा मार्गदर्शकाला हा दोष यंत्रावांचूनहि दिसतो, हें खरें. पण असा मार्गदर्शक प्रत्येक तालुक्याला कोठें आहे?

आणि येथें हा विषय केवळ पदकांचा राहत नाहीं. महाराष्ट्रांत पोलीस भरतीच्या मैदानी चाचणींत पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर धांवणें आणि गोळाफेक असते. स्त्रियांना १६०० च्या जागीं ८०० मीटर. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांतून शेंकडों मुलें-मुली या चाचणीसाठीं डांबरी रस्त्यावर पहांटे धांवतात. त्यांना शिकविणारा बहुधा आदल्या भरतींतला कोणी अनुभवी मुलगाच असतो. नडगीचें दुखणें घेऊन ऐन चाचणीच्या तोंडावर लंगडत बसलेल्या मुलाचें सबंध वर्ष वांया जातें. आणि वयाची मर्यादा कोणासाठीं थांबत नाहीं. याच माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोंचल्या व दहाव्या आल्या. त्या मातींत धांवणाऱ्यांची वाण नाहीं. वाण आहे ती धांवणें डोळसपणें शिकविण्याची.

नडगीच्या दुखण्याविषयीं एक चांगला प्रयोग अमेरिकेंतील क्रॉवेल आणि डेव्हिस या संशोधकांनीं केला. तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पाय आपटून धांवणारे दहा जण त्यांनीं निवडले. प्रत्येकाच्या नडगीवर प्रवेगमापक बांधला आणि फिरत्या पट्ट्यावर धांवतांना प्रत्येक पावलाचा हादरा समोरच्या पडद्यावर त्यालाच दाखविला. सांगितलें एवढेंच कीं, हलकें धांवा आणि ही रेघ खालीं ठेवा. कसें, तें सांगितलें नाहीं. दोन आठवड्यांत आठ वेळां हा सराव झाला. महिन्यानंतर पाहिलें तों नडगीला बसणारा हादरा सुमारें निम्म्यावर आलेला, आणि तो तसाच टिकलेला. दहाच माणसें, म्हणून यावरून मोठमोठे सिद्धांत काढूं नयेत. पण त्या प्रयोगांतील एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. पहिल्या चार वेळां पडदा सारखा समोर होता. नंतरच्या चार वेळां तो थोडा थोडा काढून घेत नेला.

तो कां काढून घेतला, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

आपण केलेल्या कृतीचा परिणाम कळल्यावांचून माणूस शिकत नाहीं, हें मानसशास्त्रज्ञांनीं फार पूर्वीं दाखविलें. ट्रोब्रिज व केसन यांच्या १९३२ च्या प्रयोगांत डोळे बांधलेल्या माणसांना ठराविक लांबीच्या रेघा ओढावयास सांगितल्या होत्या. ज्यांना रेघ किती चुकली हें नेमकें सांगितलें ते भराभर सुधारले. ज्यांना कांहींच सांगितलें नाहीं ते होते तेथेंच राहिले. त्यावरून पुष्कळ काळ असें मानलें गेलें कीं जितकें अधिक सांगावें तितकें बरें. पुढें १९८४ सालीं सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनीं जुन्या प्रयोगांची फेरतपासणी करून एक वेगळाच प्रश्न विचारला. सराव चालूं असतां जो सुधारला, तो दुसऱ्या दिवशीं कोणी कांहीं न सांगतां तेंच करूं शकतो काय? आणि उत्तर असें आलें कीं, प्रत्येक वेळीं ज्याला सांगितलें जातें तो सरावांत चमकतो खरा, पण सांगणारा गेला कीं घसरतो. त्यानें हालचाल शिकलेलीच नसते. तो आधाराला टेकून उभा असतो. लहान मूल पांगुळगाड्यानें चालतें तें चालणें नव्हे. १९९० सालीं विन्स्टाइन आणि श्मिट यांच्या प्रयोगांतहि ज्यांना निम्म्याच वेळां निकाल सांगितला, ते नंतरच्या परीक्षेंत प्रत्येक वेळीं निकाल कळलेल्यांपेक्षां सरस ठरले. अलीकडच्या कडक परीक्षणांत हा फरक सर्वत्र तितका ठळक दिसत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. तथापि सतत सांगण्यानें शिकणें हटकून वाढतें, असें मात्र कोणी सिद्ध केलेलें नाहीं. आणि संवेदक विकणारे तर तेंच गृहीत धरून चालतात.

यांतलें मर्म असें कीं, यंत्र जें बाहेरून सांगतें तेंच खेळाडूला आंतून जाणवूं लागलें पाहिजे. स्नायु, सांधे आणि कानांतील तोल सांभाळणारीं इंद्रियें हे आपले जन्मजात संवेदक आहेत. फोनवरचा आंकडा तयार असला कीं शिकणारा त्यांच्याकडे कान देण्याचें सोडतो. म्हणून मला असें वाटतें कीं, फेंक झाल्यावर आंकडा लगेच दाखवूंच नये. आधीं मुलाला विचारावें, ‘कंबर आधीं फिरली कीं हात?’ त्यानें उत्तर द्यावें, आणि मग आलेख उघडावा. उत्तर आणि आलेख यांत जो फरक पडेल तो भरून काढणें म्हणजेच शिकणें. वस्तादाच्या हुंकाराची थोरवी यांतच होती. तो काय चुकलें हें सांगत नसे. चुकलें एवढेंच सांगे, आणि काय चुकलें तें मुलाला आपल्या अंगांत शोधावें लागे.

लक्ष कोठें ठेवावयास सांगावें, हाहि एक नाजूक प्रश्न आहे. गॅब्रिएले वुल्फ या बाईंनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बर्फावरील स्कीच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर उमेदवारांना उभें केलें होतें. ज्यांना आपल्या पायांकडे लक्ष द्या म्हणून सांगितलें, त्यांच्यापेक्षां ज्यांना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्या म्हणून सांगितलें ते चांगले शिकले. म्हणजे अवयवापेक्षां अवयवानें घडविलेल्या परिणामाकडे मन असलेलें बरें. संवेदकाचा आलेख तर अवयवांविषयींच बोलतो. मार्गदर्शकानें त्याचें भाषांतर केलें पाहिजे: ‘कोंपर बारा अंश उचल’ असें न म्हणतां ‘गोळा त्या आंब्याच्या फांदीवरून जाऊं दे’ असें.

सातारा शहराचें नांव अलीकडे तिरंदाजीनें गाजविलें. तेथें प्रवीण सावंत यांच्या हाताखालीं शिकलेल्या अदिती स्वामी हिनें २०२३ सालच्या ऑगस्टमध्यें बर्लिन येथें, वयाच्या सतराव्या वर्षीं, कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें. अंतिम सामन्यांत १५ बाणांत १५० पैकीं १४९ गुण! या कलेंत किती सूक्ष्मतेचा प्रश्न असतो, हें थोडें मोजून पाहावें. लक्ष्य ५० मीटरांवर. दहा गुणांचें वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचें. म्हणजे मध्यापासून ४ सेंटिमीटरांपलीकडे जावयाचें नाहीं. डोळ्याजवळच्या छिद्रापासून नेमाच्या खुणेपर्यंत हातभर-दीड हाताचें अंतर धरलें, तर ती खूण एका मिलिमीटरहूनहि कमी सरकली तरी बाण वर्तुळाबाहेर जाऊं शकतो. धनुष्याला लावलेला संवेदक नेम धरल्यापासून बाण सुटेपर्यंतची सारी थरथर टिपतो. नवशिक्यांत पुष्कळदां असें दिसतें कीं नेम शांत असतो, पण सोडण्याच्या क्षणीं मन आधींच दचकतें आणि धनुष्याला झटका बसतो. तो झटका डोळ्यानें पाहणें अवघड, कारण बाण सुटल्यावर धनुष्य हलतेंच. येथें यंत्र खरोखर उपकारक आहे. वस्तादाच्या डोळ्याच्या आवांक्याबाहेरची गोष्ट तें दाखवितें.

पण म्हणून सर्व मुलांना एकाच आलेखावर बसवूं पाहणें हा मोठा अनर्थ होईल. रशियांतील बर्नस्टाइन ह्या शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत मॉस्कोमधील एका श्रमसंस्थेंत हातोडीनें छिन्नीवर घाव घालणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. त्यांच्या हातांवर बारीक दिवे लावून त्यानें घावांचीं चित्रें घेतलीं. कसबी कामगाराचा हात प्रत्येक वेळीं अगदीं त्याच वाटेनें जात असेल, अशी कोणाचीहि कल्पना होईल. प्रत्यक्षांत हातोडीचें तोंड छिन्नीवर नेमकें पडे, परंतु खांदा, कोंपर आणि मनगट यांची जुळणी दर घावाला थोडी निराळी असे. एका सांध्याची चूक दुसरा सांधा सांभाळून घेई. कौशल्य म्हणजे तीच हालचाल पुन्हां करणें नव्हे. तेंच काम प्रत्येक वेळीं नव्यानें सोडविणें होय. आपल्या कोणत्याहि लोहाराच्या भात्यापाशीं उभें राहिलें तर हें दिसेल. ऑलिंपिक विजेत्याचा आलेख फोनवर आणून त्याच्याशीं शाळकरी मुलाचा आलेख जुळवूं पाहणारीं साधनें बाजारांत आहेत. ज्याच्या पायाची लांबी निराळी, स्नायूंचें बळ निराळें, त्यानें दुसऱ्याच्या रेघेवर रेघ कां ओढावी? सचिन खिलारींचें तर उदाहरण समोरच आहे. दोन्ही हातांच्या खेळाडूच्या आलेखावर त्यांना बसविलें असतें, तर त्यांची प्रत्येक फेंक चुकीचीच दिसली असती.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातींत शिकले, १९४८ सालीं लंडनला गादीवर लढून सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकीला ब्राँझपदक घेऊन परतले. मातींत पाय रुततो, गादीवर रुतत नाहीं. त्याच डावाला निराळी पावलें लागतात. बर्नस्टाइननें छिन्नीपाशीं पाहिलेलें सत्य त्यांच्या अंगानें आखाड्यांत सिद्ध करून दाखविलें, असेंच म्हणावें लागेल.

शेवटीं व्यवहाराचा प्रश्न. स्वतंत्र संवेदकांचे महाग संच शाळांना परवडणार नाहींत, आणि त्यांची गरजहि नाहीं. शिक्षकाच्या खिशांतल्या फोनांत प्रवेगमापक असतोच, आणि बहुतेक फोनांत घूर्णीहि असते. त्यांच्या नोंदी लिहून ठेवणारीं फुकट साधनें मिळतात. फोन कमरपट्ट्यांत घट्ट बांधावा. सैल असला तर त्याचें स्वतःचेंच हिंदकळणें मोजलें जाईल. धांवणाऱ्याचीं मिनिटाला किती पावलें पडतात आणि डाव्या-उजव्या पावलांत फरक आहे काय, एवढें तरी त्यांतून खात्रीनें निघतें. पसरणीच्या घाटांतून खालीं धांवत येणाऱ्या मुलाचीं पावलें लांब पडूं लागलीं कीं तीं ब्रेकासारखीं आपटतात. त्याला पावलें किंचित् आंखूड व जलद टाकावयास सांगावें आणि आंकडा दर आठवड्याला एकदांच दाखवावा. फेंकीसाठीं त्याच फोनचा कॅमेरा मंद गतीच्या चित्रणावर ठेवून बाजूनें धरला, तर गोळ्याचा कोन कोनमापकानें पडद्यावरच मोजतां येतो.

एक पथ्य मात्र कसोशीनें पाळावें. मुलांचे आंकडे भिंतीवर लावूं नयेत आणि कोणा कंपनीच्या स्वाधीनहि करूं नयेत. मुलाच्या शरीराचा हिशेब हा त्याच्या घरचा आहे. प्रत्येकाची एक वही असावी. तींत डाव्या बाजूस मुलानें आपल्याला काय जाणवलें तें आधीं लिहावें, आणि यंत्रानें काय सांगितलें तें उजव्या बाजूस नंतर उतरून घ्यावें.